मोजलेले शब्द : लहान मुलांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाचा इतिहास

इंग्रजी शिकू लागलेल्या लहान मुलाला आधी कोणते शब्द द्यावेत आणि कोणते मागे ठेवावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिक्षकाच्या सोयीचा वाटतो. परंतु गेल्या चार शतकांत त्याला मिळालेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर प्रत्येक उत्तरामागे भाषेविषयीची आणि मुलाविषयीचीही निराळी समजूत उभी असलेली दिसते. शब्दसंग्रह म्हणजे एखाद्या व्यक्तीला ऐकून वा वाचून कळणाऱ्या आणि स्वतः वापरता येणाऱ्या शब्दांचा साठा, आणि त्यात कळणाऱ्या शब्दांचा वाटा वापरात येणाऱ्या शब्दांपेक्षा मोठा असतो. हा साठा वाढवण्यासाठी कधी शब्दाच्या लांबीचा आधार घेतला गेला, कधी वस्तूंच्या चित्रांचा, आणि विसाव्या शतकात तर चक्क शब्दांची शिरगणती करण्यात आली. त्या शिरगणतीतून निघालेल्या याद्या आज महाराष्ट्रातील बालवाड्यांच्या भिंतींवर तक्त्यांच्या रूपाने दिसतात. मात्र त्या मुळात कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी तयार झाल्या होत्या याचा बहुतेकांना विसर पडला आहे, आणि त्या विसराची भरपाई मुले घोकंपट्टी करून देतात.

इंग्लंडमधील मुलाचे सर्वांत जुने प्रचलित साधन म्हणजे हॉर्नबुक. नावात पुस्तक असले तरी ती मूठ असलेली एक लहान लाकडी फळी असे. तिच्यावर एकच कागद चिकटवून वर शिंगापासून काढलेला पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे, जेणेकरून मुलाच्या हाताळण्याने कागद फाटू नये. कागदावर आधी वर्णमाला, मग स्वर आणि व्यंजने जोडून केलेल्या 'अ‍ॅब, एब, इब' अशा अवयवांच्या ओळी, आणि त्याखाली ख्रिस्ती प्रार्थना, एवढाच मजकूर असे. मराठी वाचकाला या ओळी पाहून बाराखडी आठवल्यावाचून राहणार नाही, आणि तुलना करण्याजोगी आहेच. फरक इतकाच की बाराखडी एकदा पाठ झाली की 'क'ला लावलेली वेलांटी कोणत्याही शब्दात तोच उच्चार देते, तर इंग्रजीतील अवयवांची ओळ पाठ करूनही पुढच्याच पानावरचा शब्द वाचता येईल याची हमी नसते. बाराखडीने मराठी मुलाला किल्ली मिळते, हॉर्नबुकने इंग्रज मुलाला अर्धीच किल्ली मिळत होती. शब्दांचा साठा वाढवणे हे या फळीचे कामच नव्हते. मुलाला शब्द घरात, बाजारात आणि चर्चमध्ये कानावाटे मिळतातच, शाळेने त्याला ते फक्त कागदावर ओळखायला शिकवायचे, असे त्यामागे गृहीत धरलेले होते.

हे गृहीतक पुढच्या दोन शतकांतील स्पेलिंग-पुस्तकांतही टिकून राहिले. एडमंड कूट यांचे 'द इंग्लिश स्कूलमास्टर' हे १५९६ मधील पुस्तक, टॉमस डिलवर्थ यांचे १७४० मधील पुस्तक आणि अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी १७८३ मध्ये काढलेले, पुढे निळ्या पुठ्ठ्यामुळे ओळखले गेलेले आणि कोट्यवधी प्रतींनी खपलेले पुस्तक, या साऱ्यांत शब्द अवयवांच्या संख्येनुसार चढत्या क्रमाने येतात : आधी एका अवयवाचे, मग दोन, मग तीन. मराठी अंकलिपीत आधी बिनजोडाक्षरी शब्द आणि नंतर जोडाक्षरे येतात त्याच तत्त्वाची ही मांडणी आहे. ती वाचनासाठी उपयोगी असली तरी तिच्यात अर्थाला दुय्यम स्थान मिळते. मुलाच्या रोजच्या जगातला लांब शब्द मागे पडतो आणि त्याला आयुष्यात कधी न लागणारा आखूड शब्द पहिल्या पानावर येऊन बसतो. कूट यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी कठीण शब्दांची अर्थासह यादी जोडली होती, आणि १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री यांनी सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा कोश काढला, जो पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश समजला जातो. म्हणजे त्या काळी शिकवण्याजोगा शब्द तो कठीण शब्द, सोप्या शब्दांकडे कोणी लक्ष द्यावे असे वाटतच नव्हते.

दुसरे उत्तर मध्य युरोपातून आले. मोरावियात जन्मलेले धर्मगुरू आणि शिक्षक यान आमोस कोमेनियस यांनी १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस', म्हणजे 'डोळ्यांना दिसणारे जग चित्रांत', हे पुस्तक लॅटिन आणि जर्मन भाषांत छापले आणि पुढच्याच वर्षी लंडनमधील शिक्षक चार्ल्स हूल यांनी त्यात इंग्रजी घातली. यातील सुमारे दीडशे पाठांत प्रत्येकी एक लाकडी ठशाचे चित्र आहे, चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला आहे आणि खालच्या वाक्यांत त्या वस्तूच्या नावाशेजारी तोच आकडा छापलेला आहे, त्यामुळे मुलाची नजर शब्दावरून वस्तूवर आणि वस्तूवरून शब्दावर जात राहते. पाठांचा क्रम ईश्वर, सृष्टी, आकाश आणि अग्नी यांपासून सुरू होऊन प्राणी, वनस्पती, मनुष्यदेह आणि नाना धंदे यांपर्यंत जातो. पाठशाळेत अमरकोश पाठ केलेल्या माणसाला हा क्रम अगदी परका वाटणार नाही, कारण तिथेही स्वर्गवर्गापासून आरंभ होऊन व्योम, दिशा, काल असे जग उलगडत जाते आणि शब्द वर्णानुक्रमाने नव्हे तर विषयानुसार गोळा झालेले असतात. कोमेनियस यांनी त्यात चित्राची भर घातली आणि श्लोकाऐवजी साधे वाक्य ठेवले. आजच्या फळे, फुले, प्राणी यांच्या रंगीत तक्त्यांचे मूळ तिथे आहे, आणि त्या तक्त्यांची मर्यादाही तिथलीच आहे : चित्राने मांजर दाखवता येते, नांगर दाखवता येतो, पण 'ऑफ' किंवा 'वॉज' दाखवता येत नाही.

अठराव्या शतकात हा विषय शाळेतून घरात आला. जॉन लॉक यांनी १६९३ मधील आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांनी अक्षरे फाशांच्या खेळातून शिकावीत आणि सचित्र इसापनीतीसारखे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे असे सुचवले होते. लंडनचे प्रकाशक जॉन न्यूबरी यांनी १७४४ मध्ये 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' काढले, तेव्हा ते मुलग्यासाठी चेंडूसह आणि मुलीसाठी टाचण्या खोचण्याच्या उशीसह विकायला ठेवले. परंतु या काळातील सर्वांत बोलका पुरावा छापील नाही. बकिंगहॅमशर परगण्यातील ओल्नी येथील धर्मगुरूंच्या पत्नी जेन जॉन्सन यांनी १७४०च्या दशकात आपल्या मुलांसाठी हाताने कापून, रंगवून आणि लिहून चारशेहून अधिक लहान पत्ते व तक्ते तयार केले. ते आज अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात जपलेले आहेत. विकत आणलेल्या चित्रांचे कपटे चिकटवून त्यांखाली शब्द आणि लहान वाक्ये लिहिण्याची ही रीत पाहिली की, मुलाला पहिले शब्द कोण निवडून देत असे हे कळते : ती निवड घरातली आई करीत होती, आणि ती त्या एका मुलाला ओळखत होती. ॲना लेटिशिया बार्बॉल्ड यांनी १७७८ पासून दत्तक मुलासाठी लिहिलेल्या 'लेसन्स फॉर चिल्ड्रन' या मालिकेत मोठा ठसा आणि रुंद समास वापरून हीच घरगुती निवड छापखान्यात नेली. नंतरच्या कोणत्याही यादीला ही ओळख साधलेली नाही, आणि यादीच्या स्वरूपामुळे ती साधणे शक्यही नव्हते.

यादी यायला मोजणी यावी लागली, आणि मोजणीचे मूळ शिक्षणात नसून लघुलेखनात आहे. जर्मन लघुलिपी सुधारण्यासाठी कोणते शब्द नि अक्षरसमूह अधिक वेळा येतात हे कळणे आवश्यक होते, म्हणून एफ. डब्ल्यू. केडिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक मदतनिसांकरवी सुमारे १ कोटी १० लाख शब्दांच्या मजकुराची गणना करून १८९७-९८ मध्ये वारंवारतेचा कोश छापला. वारंवारता म्हणजे ठरावीक मजकुरात एखादा शब्द किती वेळा येतो तो आकडा. १९१५ मध्ये लेनर्ड एअर्स यांनी अमेरिकेत अशाच गणनांतून हजार नेहमीचे शब्द निवडून शुद्धलेखनाची मोजपट्टी बनवली, आणि १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 'द टीचर्स वर्ड बुक' प्रसिद्ध केले. त्यात १० हजार शब्द होते, आणि ते ४१ निरनिराळ्या स्रोतांतील सुमारे ४५ लाख शब्दांच्या मजकुरातून मोजलेले होते.

या ४५ लाखांची फोड पाहण्यासारखी आहे. सुमारे ३० लाख शब्द बायबल आणि इंग्रजी अभिजात ग्रंथांतून आलेले होते, मुलांच्या साहित्यातून सुमारे सव्वासहा लाख, पत्रव्यवहारातून पाच लाख, प्राथमिक शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून तीन लाख, वर्तमानपत्रांतून नव्वद हजार, आणि स्वयंपाक, शिवण, शेती व इतर धंद्यांच्या पुस्तकांतून अवघे पन्नास हजार. म्हणजे मुलांसाठी उपयोगी म्हणून जी यादी पुढे आली तिचा दोन तृतीयांश भाग धर्मग्रंथ आणि जुन्या वाङ्मयाने भरलेला होता, तर चूल, सुई आणि नांगर यांच्या वाट्याला शंभरात एक-सव्वा भाग आला. मराठीतील नेहमीचे शब्द ठरवण्यासाठी कोणी ज्ञानेश्वरी, मोरोपंतांची काव्ये आणि सोबत पाककृतींची चार पाने मोजावीत, तसाच हा प्रकार होता. थॉर्नडाइक यांना ही मर्यादा दिसत नव्हती असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी यादी वाढवत १९४४ मध्ये अर्विंग लॉर्ज यांच्यासह ३० हजार शब्दांपर्यंत नेली. मूळ ग्रंथाच्या नावातच त्याचा हेतू होता : हे शिक्षकाचे पुस्तक होते. वाचनात आलेला एखादा अवघड शब्द वर्गात वेळ देऊन शिकवण्याजोगा आहे, की ओझरता अर्थ सांगून पुढे जावे, हे शिक्षकाने ठरवावे यासाठी ते होते. मुलाने ते उघडावे अशी अपेक्षा कुठेच नव्हती.

आतापर्यंतच्या सर्व प्रयत्नांत मूल इंग्रजी बोलणाऱ्या घरातले होते, किंवा निदान इंग्रजी कानावर पडणाऱ्या देशातले होते. ज्याच्या घरी इंग्रजीचा एकही शब्द उच्चारला जात नाही अशा मुलाचा विचार नीट, मोजून-मापून झाला तो ढाक्यात. १८८८ मध्ये जन्मलेले मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतील अधिकारी बंगालमध्ये आले आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२६ मध्ये त्यांचा द्विभाषिकतेवरील अहवाल, बंगालच्या विशेष संदर्भासह, भारत सरकारच्या शिक्षण विभागाने कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. अहवाल म्हटल्यावर ज्या रुक्ष आकडेवारीची अपेक्षा असते ती त्यात आहेच, पण तिच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे : बंगालमधील इंग्रजी शाळांत दाखल झालेल्या मुलांपैकी मोठा भाग अभ्यासक्रम पूर्ण करीत नाही. कोणी दोन वर्षांनी, कोणी चार वर्षांनी शाळा सोडतो, आणि अभ्यासक्रम मात्र शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचणाऱ्या थोड्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला असतो. पहिली काही वर्षे व्याकरण आणि उच्चारांची पूर्वतयारी चालते, तिचे फळ फार उशिरा मिळायचे असते आणि मध्येच गेलेल्याच्या हाती काहीच लागत नाही.

वेस्ट यांनी यासाठी विमा व्यवसायातला शब्द उचलला. विमा पॉलिसी मुदतीपूर्वी सोडली तर जी रक्कम परत मिळते तिला सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे समर्पण मूल्य, म्हणतात. तसेच शिक्षणाचेही प्रत्येक टप्प्यावर समर्पण मूल्य असले पाहिजे, आणि एका वर्षानंतर शाळा सोडणाऱ्या मुलाकडेही त्या वर्षापुरते पुरे पडणारे, कामी येणारे काही असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. मुलाच्या शब्दसंग्रहाविषयी आजवर झालेल्या चर्चेत इतका न्यायी विचार दुसरा सापडत नाही. शब्द किती, या प्रश्नाच्या जागी त्यांनी आज शाळा सुटली तर हे शब्द त्याला पुरतील का, हा प्रश्न ठेवला, आणि शाळा सोडणारे मूल हे अपयशाचे उदाहरण न मानता तेच अभ्यासक्रमाचे माप मानले.

या मापाने पाहिल्यावर वेस्ट यांना वाचन हे पहिले साध्य वाटले, कारण बंगालमधील मुलाला इंग्रजी बोलण्याचे प्रसंग थोडे होते, पण थोड्या शब्दांत वाचता येणारे पुस्तक त्याला एकट्यालाही उघडता येणार होते. प्रचलित वाचनमालांत त्यांना दोन दोष आढळले. एक, त्यांत जुने आणि वाङ्मयीन शब्द भरलेले होते, ज्यांच्या जागी नेहमीचा शब्द चालला असता. 'बिहोल्ड'ऐवजी 'सी' आणि 'आइल'ऐवजी 'आयलंड' लिहिल्याने गोष्टीचे काहीच बिघडत नव्हते. दुसरा दोष अधिक खोल होता : एकेका परिच्छेदात नवे शब्द इतके दाटीवाटीने येत की मूल वाचण्याऐवजी उकल करीत बसे, आणि आलेला शब्द पुढच्या पानांवर पुन्हा भेटतच नसे. वेस्ट यांनी आपल्या न्यू मेथड वाचनमालेत नवे शब्द विरळ केले, प्रत्येक शब्द आल्यानंतर तो लगेच पुन्हापुन्हा येईल अशी मजकुराची रचना केली आणि मगच दुसरा शब्द आणला. पेरणीत दोन ओळींमधले अंतर ठरवतात तसे त्यांनी शब्दांमधले अंतर ठरवले. यात कष्ट लेखकाचे वाढतात आणि मुलाचे कमी होतात, आणि शब्दयादीचे खरे काम हेच आहे : लिहिणाऱ्याचा हात आवरणे. १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह काढलेल्या इंग्रजी कोशात सुमारे २४ हजार शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ केवळ १,४९० शब्दांत सांगितलेले होते. अर्थ सांगण्यासाठी मूळ शब्दाहून कठीण शब्द वापरायचा नाही, हे बंधन कोशकाराने स्वतःवर घालून घेतले होते.

त्याच सुमारास जपानमध्ये हॅरल्ड पामर यांनी शब्दनिवडीचे असेच काम चालवले होते, आणि केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' जाहीर केली होती. ऑग्डेन यांनी क्रियापदे दीड डझनावर आणून ठेवली आणि उरलेला अर्थ छोट्या शब्दांच्या जुळणीतून काढता येईल असे सांगितले. वेस्ट यांचा त्याला विरोध होता. मराठी उदाहरणाने तो लवकर कळतो : 'हात', 'वर' आणि 'करणे' हे तिन्ही शब्द पहिलीतल्या मुलाला येतात, म्हणून 'त्याने हात वर केले' म्हणजे त्याने जबाबदारी झटकली, हा अर्थ त्याला आपोआप येत नाही, तसेच 'पुट', 'अप' आणि 'विथ' माहीत असल्याने 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे हे कळत नाही. शब्द तीनच मोजले गेले, पण शिकावे लागले चार. हीच अडचण साध्या वारंवारतेतही आहे. मराठीतील 'लागणे' हा शब्द मोजणाऱ्याच्या वहीत एकदा नोंदला जातो, पण भूक लागणे, आग लागणे, गाडी लागणे, नाते लागणे आणि वेळ लागणे यांतले 'लागणे' शिकणाऱ्याला पाच वेळा शिकावे लागते. १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने वेस्ट, पामर, थॉर्नडाइक आदी मंडळी एकत्र बसली, १९३६ मध्ये शब्दनिवडीचा अंतरिम अहवाल निघाला, आणि त्यातून विकसित होत १९५३ मध्ये वेस्ट यांची 'अ जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील सुमारे २ हजार शब्दांपुढे त्यांच्या निरनिराळ्या अर्थांची वारंवारताही टक्क्यांत दिलेली होती. एखादा शब्द घ्यावा की नाही यासाठी वारंवारतेखेरीज शिकण्यातील सुलभता, आवश्यकता आणि व्याप्ती, म्हणजे त्याचे काम दुसऱ्या एखाद्या शब्दाने भागते का, हेही पाहिले गेले.

अमेरिकेत मात्र नियंत्रित शब्दसंग्रहाचे, म्हणजे ठरवून मर्यादित ठेवलेल्या शब्दांचे, तत्त्व इंग्रजी घरच्याच मुलांना लावले गेले आणि त्याचे हसे झाले. १९३० पासून शाळाशाळांत पसरलेल्या डिक आणि जेन या भावंडांच्या वाचनमालेत पुनरुक्ती इतकी होती की, घरी काही हजार शब्द कानाने ओळखणारे सहा वर्षांचे मूल शाळेत येऊन तेच चार-दोन शब्द पानभर वाचत बसे. १९५४ मध्ये जॉन हर्सी यांनी 'लाइफ' साप्ताहिकातून आणि १९५५ मध्ये रूडॉल्फ फ्लेश यांनी पुस्तकातून या प्रकारावर झोड उठवली; पाठोपाठ डॉ. स्यूस या नावाने लिहिणाऱ्या थिओडोर गायझेल यांनी १९५७ मध्ये २३६ निरनिराळ्या शब्दांत 'द कॅट इन द हॅट' आणि १९६० मध्ये एका पैजेखातर अवघ्या ५० शब्दांत 'ग्रीन एग्ज अँड हॅम' लिहून, मोजके शब्द म्हणजे नीरस पुस्तक असे नाही हे दाखवून दिले. पैज लावणारे प्रकाशक होते आणि बंधन लेखकावर होते, ही गोष्ट इथेही लक्षात घेण्यासारखी आहे.

आज भारतात ज्या याद्या सर्वाधिक फिरतात त्या दोन. इलिनॉय विद्यापीठातील एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये २२० शब्दांची यादी मांडली. तीच 'साइट वर्ड्स' या नावाने बालवर्गांत परिचित आहे. साइट वर्ड म्हणजे अक्षरे जुळवत न बसता नजरेनेच ओळखायचा शब्द, कारण 'वॉज', 'ऑफ', 'सेड' यांसारख्या शब्दांची अक्षरे उच्चार नीट सांगत नाहीत. दुसरी यादी इंग्लंडमधील विल्यम मरे आणि ज्यो मॅकनॅली यांची. १९६२ मध्ये त्यांनी दाखवले की अवघे बारा शब्द सामान्य वाचनातील एक चतुर्थांश जागा आणि शंभर शब्द सुमारे निम्मी जागा व्यापतात. १९६४ पासून निघालेली लेडीबर्डची पीटर आणि जेन यांची ३६ पुस्तके याच हिशेबावर रचलेली आहेत, आणि शहरी मराठी घरांतही ती पोहोचली. या दोन्ही याद्यांमागचे गृहीतक हॉर्नबुकचेच होते : मुलाला हे शब्द कानाने येतात, फक्त डोळ्याने यायचे आहेत.

मराठी मुलाच्या बाबतीत हे गृहीतकच कोसळते. मरे यांचे बारा शब्द म्हणजे अ, अँड, ही, आय, इन, इज, इट, ऑफ, दॅट, द, टू आणि वॉज. यांतील 'अ' आणि 'द' या उपपदांना मराठीत प्रतिशब्दच नाही. 'इन', 'ऑफ' आणि 'टू' यांची कामे मराठीत बहुतांशी विभक्तिप्रत्यय करतात. 'त', 'चा-ची-चे', 'ला' हे प्रत्यय नामाला चिकटतात आणि नामाचे सामान्यरूपही करून टाकतात, तर इंग्रजी शब्द सुटा राहून नामाच्या आधी येतो. 'इज' वाक्याच्या मध्ये बसतो, मराठीतला 'आहे' शेवटी. पुस्तकाला 'ते' आणि खुर्चीला 'ती' म्हणणाऱ्या मुलाला दोघांसाठी एकच 'इट' वापरायचा असतो, आणि 'ही' हा शब्द तर इंग्रजीत पुल्लिंगी आणि कानाला मराठीत स्त्रीलिंगी. इंग्रज मुलासाठी हे बारा शब्द सर्वांत सोपे असतात, मराठी मुलासाठी तेच सर्वांत अवघड. कारण ते शब्द नसून संपूर्ण वाक्यरचना आहेत, आणि तक्त्यावरून सुटे पाठ केल्याने मुलाला त्यांचे स्पेलिंग येते, वापर येत नाही. ते वाक्यात, गाण्यात, गोष्टीत शेकडो वेळा कानावर पडूनच यायचे असतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न लहान मुलाचा प्रश्न म्हणून फार उशिरा आला. मुंबई इलाख्यात मूल आधी मराठी इयत्ता पूर्ण करून मगच 'इंग्रजी पहिली'त जाई आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक होई. त्यामुळे पहिला इंग्रजी शब्द भेटे तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे असे आणि मराठी लिहिणे-वाचणे त्याला येत असे. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' ही घोषणा त्या वयाला शोभणारी होती, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि दोन्ही दिशांनी भाषांतराची वाक्ये या क्रमाने अनेक पिढ्यांचे इंग्रजी घडवले. त्या पद्धतीची आज थट्टा होते, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता : मुलाजवळ मराठी आहे हे ती धरून चालत होती, आणि 'ऑफ' शिकवताना तो 'चा-ची-चे'शी झगडणार हे तिला ठाऊक होते. जून २००० पासून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, म्हणजे मुलाला मराठीची अक्षरओळखही पुरती झालेली नसताना इंग्रजी शब्द द्यावे लागू लागले. पाठमालांचा आधार त्या वयाला चालत नव्हता, आणि मोकळ्या झालेल्या जागेत परदेशी याद्यांचे तक्ते येऊन बसले. ज्या याद्या पुस्तक लिहिणाऱ्याने जवळ ठेवायच्या, त्या पाच वर्षांच्या मुलाच्या गृहपाठात गेल्या, आणि ढाक्यात विचारला गेलेला प्रश्न, या वर्षाअखेर शाळा सुटली तर याच्याजवळ वाचता येईल असे काय उरेल, हा मात्र भिंतीवर कुठेच लागला नाही.

डॉल्च यांच्या २२० शब्दांत एकही नाम नाही. मराठी मुलांनी पिढ्यानपिढ्या सर्वांत आधी पाठ केलेला 'कॅट' त्या तक्त्यावर सापडत नाही. तो डॉल्च यांनी वेगळ्या काढलेल्या ९५ नामांच्या यादीत आहे, आणि ती यादी भिंतीवर सहसा लागत नाही.